गुरुवारचे एक बावीस

सुंदरअण्णांविषयी छापील असे जगात एकच वाक्य आहे. ते इंग्रजीत आहे, एका जाड अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात. त्याचा अर्थ असा : वेळेतील फरकाचे कारण निरीक्षकाला सांगता आले नाही.

हे वाक्य खोटे आहे. निरीक्षकाने कारण सांगितले होते. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, दोनदा सांगितले होते. ते इंग्रजीत करून पुढे द्यायचे काम माझे होते. त्या खोलीत आठ माणसे होती आणि मराठी कळणारे आम्ही दोघेच होतो.

म्हणून हे मराठीत लिहितो आहे. आम्हा तंजावरच्या मराठी घरांत मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे आता थोडेच उरले. मी पुण्याला सहा वर्षे शिकलो म्हणून मला लिहिता येते. सुंदरअण्णांना येत नव्हते. ते मराठी लिहीत, पण तमिळ अक्षरांत. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

त्यांचे पूर्ण नाव सुंदर राव. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, काटकुळे, लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यावर दुमडलेली, खिशात दोन पेने. एकाची शाई संपली तर म्हणून. घड्याळ ते डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, चिखलात हात असताना मनगट फिरवावे लागू नये म्हणून. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत त्यांनी एकतीस वर्षे कारकुनी केली, आणि त्या कारकुनीतला एक भाग म्हणजे आवारातला पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचणे. पाऊस असो नसो. त्यांच्या मुलीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी वधूपिता सापडेना. मंडपात धावपळ, वाजंत्रीवाले खोळंबलेले, व्याही लाल झालेले. तेवढ्यात हे कचेरीच्या बाजूने भिजलेल्या डोक्याने येताना दिसले. बायको म्हणाली, "आज तरी शिपायास सांगायचें!" तर हे म्हणाले, "शिपाई वाचेल, पण खालीं वाकून वाचणार नाहीं. उभ्यानें वाचलें तर अर्धा मिलिमीटर जास्त दिसतें." आणि हात पुसून पाटावर बसले.

मी त्यांना भेटलो ते दोघेही निवृत्त झाल्यावर. मी मातीचा अभ्यासक. सरकारी संशोधन केंद्रातून बाहेर पडल्यावर एका प्रकल्पाने मला सल्लागार म्हणून घेतले होते. प्रकल्पाचे नाव इथे देत नाही, तो आता बंदही झाला आहे. काम असे होते : भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले की खालच्या चिखलात मिथेन वायू तयार होतो, आणि तो भाताच्या पोकळ देठांतून वर हवेत जातो. मध्येमध्ये खाचर सुकू दिले तर तो कमी होतो. आमच्या शेतकऱ्यांनी तसे सुकवावे, उपग्रहांनी वरून पाहावे, आणि किती वायू वाचला याचा विकता येणारा दाखला मिळावा, अशी योजना. उपग्रह दोन होते. एक रोज दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जाई आणि हवेतला वायू मोजी. दुसरा रडारचा, तो बऱ्याच दिवसांनी एकदा येई आणि कोणत्या खाचरात पाणी आहे ते पाही. सुंदरअण्णा पहिल्याला "नाकवाला" म्हणत आणि दुसऱ्याला "डोळेवाला". नाकवाल्याला एकटे खाचर दिसत नसे. त्याच्या एका ठिपक्यात आमच्या खाचरांलगतच्या पापनाशमचे स्टेशन, बाजार आणि आजूबाजूची दोन-तीन गावे मावत. म्हणून खाली जमिनीवर कुणीतरी पेटी लावून मोजायला हवे होते. ते सुंदरअण्णा.

पहिल्याच दिवशी मी खाचरात एक पाऊल टाकले आणि मागून आवाज आला, "हलूं नको."

मी थांबलो.

"पाय उचलूंही नको. कोण रे तूं, माझा चिखल ढवळणारा?"

तमिळमध्ये मी नाव सांगितले. राव म्हटल्यावर ते मराठीवर आले. "मग मराठींत सांगतों, नीट कळेल. चिखलांत पाय दिलास कीं बुडबुडे येतात. सगळे बुडबुडे माझ्या पेटींत जातील. आतां अर्धा तास तेथेंच उभा राहा."

"अर्धा तास?"

"बगळा दिवसभर उभा राहतो. तूं तर शिकलेला."

मी एका पायावर भार देऊन अर्धा तास उभा राहिलो. ते फळीवर उकिडवे बसून पारदर्शक पेटीतून दर दहा मिनिटांनी पिचकारीने हवा ओढत होते आणि छोट्या बाटल्यांत भरत होते. बाटल्या तंजावरच्या प्रयोगशाळेत जात. पेटीवर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी आपली छत्री तिच्यावर धरली होती. स्वतःच्या डोक्यावर ओला टॉवेल. शेवटची बाटली बंद झाल्यावर त्यांनी आकाशाकडे पाहून छत्री किंचित वर केली, कुणाला नमस्कार करावा तशी. "गेले पाहुणे," म्हणाले. "रोज येतात, घोटभर ताकही पीत नाहींत." मग डबा उघडला. दहीभात आणि डांगर पच्चडी. अर्धे मला दिले.

त्यांच्याबरोबर सेल्वी असे. चाळिशीची, तिथल्याच गावची. फळी धरायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची, पिचकाऱ्या क्रमाने हातात द्यायची. कामाला अत्यंत काटेकोर. फक्त एक होते. तिचा नवरा एका गुरुवारी दुपारी दीड वाजून गेल्यावर पंप लावायला गेला आणि विजेचा धक्का बसून तिथेच गेला. आमच्याकडे प्रत्येक घरच्या कॅलेंडरवर राहुकाळ छापलेला असतो. गुरुवारी तो दीडपासून तीनपर्यंत. त्या दिवसापासून गुरुवारी दीडनंतर सेल्वी कोणत्याही कामाला हात लावून सुरुवात करत नसे. सुरू झालेले काम पुढे चालू ठेवायला हरकत नव्हती. पण आरंभ नको.

प्रकल्पाच्या कचेरीतल्या एका माणसाने तिला याच्यावरून अगदी सुरुवातीलाच एकदा झापले होते. विज्ञानाच्या कामात असली माणसे नकोत, पुन्हा ऐकले तर दुसरी बाई पाहू, असे म्हणाला होता. तेव्हापासून सुंदरअण्णा गुरुवारी पेटी एक वाजून बावीस मिनिटांनी ठेवू लागले.

स्वतः ते राहुकाळ मानत नसत. मी एकदा चिडवले, "अण्णा, एकतीस वर्षें पाऊस मोजला, आणि आतां राहूस भितां?"

"मी कोठें भितों? ती भिते. तिच्या हातांत माझ्या पिचकाऱ्या आहेत. हात कांपला तर बाटलींत पेटींतली हवा येईल कीं बाहेरची?"

मी वहीकडे पाहिले. "मग दीडच लिहा ना. आठ मिनिटांनीं काय होतें? उपग्रहाची वेळही रोज पुढें-मागें होतेच."

त्यांनी पेन खाली ठेवले. "दामू, घड्याळांत एक बावीस आहे. मी दीड कसें लिहूं?"

हे संभाषण मी मुद्दाम देतो आहे. दीड लिहा असे मी म्हणालो होतो. त्यांनी लिहिले नाही. लिहिले असते तर पुढचे काहीच झाले नसते.

त्या वहीत शेवटच्या रकान्यात शेरे असत. तमिळ अक्षरांत मराठी. "वारा फार." "खेकड्यानें बांध फोडला." आणि दर गुरुवारी न चुकता, "तीस नको म्हणून आधीं." तीस म्हणजे तिला. कचेरीतल्या कुणाला ते वाचता येत नसे. म्हणजे अक्षरे वाचता येत, अर्थ लागत नसे. मराठी येणाऱ्याला अक्षरे येत नसत. दोन्ही येणारा त्या प्रकल्पात मी एकटा.

दुसऱ्या सांबा हंगामात, म्हणजे ऑगस्ट ते जानेवारीच्या भातपिकात, गोष्टी ताणल्या गेल्या. पाण्याचा नकाशा मी तयार केला होता. म्हणजे संगणकावर मुलांनी केला, पण नियम माझे, सही माझी. रडारच्या चित्रांवरून त्या नकाशात पापनाशमकडची आमची बहुतेक खाचरे वेळोवेळी सुकलेली दिसत होती. प्रकल्प चालवणारी कंपनी खूश होती. पुढचा टप्पा मोठा होणार होता, त्यात मी मुख्य सल्लागार. आणि सुंदरअण्णांच्या बाटल्या मात्र प्रयोगशाळेतून भलतेच आकडे घेऊन येत होत्या. सुकलेल्या खाचरातून इतका वायू येणे शक्य नाही.

मी रागातच गेलो. म्हणालो, "अण्णा, तुमची पेटी कोठेंतरी गळते, नाहीं तर जागा चुकते. नकाशांत हें खाचर कोरडें आहे."

त्यांनी वही मिटली. मला फळीच्या टोकापर्यंत नेले. भात कमरेइतका वाढला होता, पाने एकमेकांत गुंतून हिरवी चटई झालेली. वरून पाहिले तर खाली काय आहे ते दिसतच नव्हते.

"हात घाल," ते म्हणाले.

"काय?"

"पानें बाजूस करूं नको. तशीच राहूं दे. डोळेवाल्यासारखें वरून बघ. आणि आतां हात घाल."

मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. हात घातला तो पाण्यातून थेट खालच्या चिखलात रुतला. बाही कोपरापर्यंत भिजली.

"चार बोटें," ते म्हणाले. "कालही चार. पंधरा दिवसांमागें पांच."

खाचराचा मालक मारिमुत्तू बांधावर उभा होता. मी त्याला तमिळमध्ये विचारले, पाणी का सोडले नाही? पाण्याची पातळी पाहायला पुरलेल्या नळीचा फोटो तर तू दर आठवड्याला पाठवतोस, त्यात कोरडे दिसते.

"नळी तिकडे उंचवट्यावर आहे, अय्या," तो म्हणाला. "तुमच्याच माणसाने तिथे पुरली. आणि आम्ही कालव्याच्या शेवटच्या टोकाला. आज पाणी सोडलं आणि उद्या वरच्या गावांनी अडवलं, तर परत कोण आणून देणार? तुमचा उपग्रह आणणार का?"

सुंदरअण्णा हसले. मी हसलो नाही. मला सगळे कळले होते. दाट पिकातून आमच्या रडारचे तरंग खालच्या पाण्यापर्यंत पोचत नव्हते आणि माझा नकाशा पानांना कोरडी जमीन समजत होता. दुरुस्त करता आला असता. पण महिनाभरात बाहेरचे तपासनीस येणार होते. मी ओली बाही पिळली आणि म्हणालो, बघू.

तपासनीस आले. तंजावरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरची खोली, खिडक्या बंद, वातानुकूलन यंत्रातून एका बादलीत थेंब पडत होते. मुख्य तपासनीस दिल्लीच्या एक बाई. हुशार, कामाच्या, वाईट मुळीच नव्हत्या. त्यांच्यासोबत दोन परदेशी, कंपनीचे तिघे, मी आणि सुंदरअण्णा. अण्णा पांढरा शर्ट घालून आले होते. नखांतला चिखल काढायचा त्यांनी प्रयत्न केलेला दिसत होता. वह्या कापडी पिशवीत. जिन्यावर मला म्हणाले, "दामू, इंग्रजी तुझें, वही माझी. सरि?"

"सरि," मी म्हणालो.

बाईंनी वह्या आधीच चाळल्या होत्या. त्यांनी विचारले, पेटी लावायची वेळ दीडची ठरलेली असताना दर गुरुवारी ती बरोबर एक बावीस का आहे? एखाद-दुसऱ्या वेळी नव्हे, दोन हंगामांतल्या प्रत्येक गुरुवारी. शेतात काम करणाऱ्या माणसाची वेळ अशी ठरावीक वारी ठरावीक मिनिटांनी चुकत नाही. हे आकडे घरी बसून एकदम भरले आहेत का?

मी प्रश्न मराठीत सांगितला. आवाज साधा ठेवला.

सुंदरअण्णांना त्यात अवघड असे काही वाटले नाही. उलट ते जरा पुढे सरकून बसले, कुणीतरी वही नीट वाचली याचा आनंद झाल्यासारखे. मग म्हणाले, "तिचें नांव घेऊं नको. घेतलेंस तर हे तीस काढतील. सांग, कीं गुरुवारीं सोबतच्या माणसास दीडनंतर काम सुरू करायचें नसतें, म्हणून पेटी आठ मिनिटें आधीं ठेवितों. वेळ खोटी नव्हे. घड्याळांत होती तीच लिहिली. मज लबाडीच करायची असती तर सरळ दीड लिहिलें असतें, मज कोण धरणार होतें?"

 सरळ उत्तर होते. ते मी तसेच्या तसे इंग्रजीत सांगितले असते तर बाईंनी मान डोलावली असती. वही खरी ठरली असती. वही खरी म्हणजे बाटल्या खऱ्या, आणि बाटल्या खऱ्या म्हणजे खाचरांत पाणी होते, आणि माझा नकाशा.

मी म्हणालो, "त्यांना कारण सांगता येत नाही."

बाई म्हणाल्या, "पण ते बराच वेळ बोलले."

"वय झालं आहे. पाल्हाळ लावतात."

बादलीत थेंब पडत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी विसरलो होतो, किंवा विसरायचे ठरवले होते, की या माणसाने एकतीस वर्षे इंग्रजी फायली हाताळल्या आहेत. बोलता येत नसेल. कळत होते.

बाईंनी वहीतला शेवटचा रकाना दाखवला. हे काय आहे? दर गुरुवारी एकच ओळ आहे. कंपनीचा स्थानिक इंजिनियर पुढे झाला आणि तमिळ अक्षरे जुळवून मोठ्याने वाचू लागला. "तीस... नको... म्हणून... आदी." अर्थ लागेना. त्याने पुन्हा सूर लावून वाचले. दोघे-तिघे हसले. मग वही माझ्याकडे आली.

गुरुवार आणि दीड हे दोन शब्द ऐकून त्या इंजिनियरलाही राहुकाळ आठवला असणार. त्याच्याही घरी कॅलेंडर असेल. तो गप्प राहिला. पण त्याला मी बोल लावत नाही. प्रश्न मला विचारला होता.

मी ओळ पाहिली. "घरगुती टिपण आहे," म्हणालो. "कामाशी संबंध नाही."

तेव्हा सुंदरअण्णांनी सगळे दुसऱ्यांदा सांगितले. या वेळी बाईंकडे नव्हे, माझ्याकडे पाहून. तेच शब्द, त्याच क्रमाने, अगदी हळू, मुलाला शुद्धलेखन घालावे तसे. शेवटचा शब्द बोलून ते थांबले. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"तेच पुन्हा सांगताहेत," मी म्हणालो. एवढे एकच खरे बोललो.

अहवालात ते वाक्य गेले. त्यांच्या दोन हंगामांच्या सगळ्या नोंदी अविश्वसनीय म्हणून वगळल्या गेल्या. नकाशा राहिला, अण्णांचे काम गेले. उठण्यापूर्वी बैठकीच्या कागदावर अण्णांची सही लागत होती. त्यांनी मनगट पाहिले, सही केली आणि सहीच्या बाजूला वेळ लिहिली. चार वाजून सतरा.

जिना उतरताना ते माझ्या पुढे होते. खालच्या पायरीवर वळले. मला वाटले आता शिव्या देतील. मला त्या हव्याही होत्या.

"दामू," ते म्हणाले, "बाही वाळली काय रे तुझी?"

आणि पिशवी काखेत धरून बस स्टँडकडे गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि मी त्यांच्या घरी गेलो नाही. आधी म्हणत होतो पुढच्या टप्प्यात नकाशा सुधारू, मग त्यांच्या नोंदी आपोआप वर येतील. पुढचा टप्पा झाला. नकाशा सुधारला नाही. ते गेले तेव्हा मी त्यांच्या दारापर्यंत गेलो, बाहेर चपलांच्या ढिगाशी उभा राहिलो आणि परत आलो.

त्यानंतर काही महिन्यांनी सेल्वी माझ्याकडे आली. हातात तीच कापडी पिशवी. त्यांच्या वह्या तिच्याकडे राहिल्या होत्या. "अय्या, हे तुम्हालाच वाचता येतं, असं राव-अय्या सांगायचे," ती म्हणाली.

मी उघडून पाहिल्या. काढून टाकल्यानंतरच्याही वह्या होत्या, चार वर्षांच्या. पेटी नव्हती, बाटल्या नव्हत्या, म्हणून वायूचा रकाना रिकामा. पण तारीख, वेळ, आणि पाणी किती बोटे. मारिमुत्तूचे खाचर. रोज दीड. गुरुवारी एक बावीस, आणि शेवटी तीच ओळ.

"पेटी नव्हती तर गुरुवारी आधी का?" मी विचारले.

"मी जायचे ना बरोबर. सत्तरी उलटलेल्या माणसाला बांधावर एकटं कसं सोडायचं?" मग तिने विचारले, "त्या दिवशी त्यांनी माझं नाव सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग त्यांना काढलं कशासाठी?"

मी तिला सांगितले. सगळे. तिने रिकामी पिशवी दुमडली. मग म्हणाली, "त्यांनी एकदा विचारायचं होतं मला. एका शब्दाने. मी उतरले असते राहुकाळात." आणि उठता उठता, "त्यांनी विचारलं नाही. तुम्ही तरी विचारायचं होतं."

गेल्या वर्षापासून एक नवा उपग्रह आला आहे. त्याच्या रडारचे तरंग लांब आहेत, ते पानांमधून खाली जातात. या सांबा हंगामातला त्याचा नकाशा मला एका तरुण संशोधिकेने दाखवला. कालव्यांच्या शेवटच्या टोकांची खाचरे त्यात पाण्याने भरलेली आहेत. पापनाशमकडचीही. तिला आता मागच्या वर्षांच्या जमिनीवरच्या नोंदी हव्या आहेत, जुने नकाशे किती चुकले ते काढण्यासाठी. मी तिला सुंदरअण्णांच्या वह्या दाखवल्या. ती हरखली. मग तिने जुना अहवाल काढला, परिशिष्ट वाचले आणि संकोचून म्हणाली, "पण सर, हा निरीक्षक तर अविश्वसनीय ठरलेला आहे. असं असताना मी या नोंदी कशा घेणार?"

ते वाक्य तिथे आहे तोवर त्या वह्या कुणी उघडणार नाही. मी त्या जुन्या तपासनीस बाईंना सविस्तर पत्र पाठवले आहे. मी काय ऐकले आणि काय सांगितले, दोन्ही शेजारी शेजारी लिहून. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले : वह्यांतल्या प्रत्येक शेऱ्याचे भाषांतर सहीनिशी पाठवा, मग पाहू. पुढे त्यांनी एवढेच विचारले आहे, की या वेळचे भाषांतर दुसऱ्या कुणाकडून तपासून घेता येईल का. योग्यच विचारले आहे. पण तमिळ अक्षरांतली मराठी वाचणारा, सफाईने इंग्रजी लिहिणारा आणि आम्हा दोघांच्या नात्यातला नसलेला दुसरा माणूस मला अजून सापडलेला नाही. तिरुवैयारूत एक निवृत्त शिक्षिका आहेत असे कळते. उद्या तिकडे जाणार आहे.

तोवर मी शेरे उतरवतो आहे. रोज वीस-पंचवीस होतात. वारा फार. खेकड्यानें बांध फोडला. तीस नको म्हणून आधीं.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते या पत्रव्यवहाराच्या फार आधी, ते जाण्यापूर्वी वर्षभर. कुंभकोणमहून बसने येत होतो. पापनाशम सोडल्यावर रस्त्याचे काम चालू होते म्हणून बस एका मोरीपाशी थांबली. खिडकीतून मारिमुत्तूचे खाचर दिसत होते. बांधावर सेल्वी छत्री धरून उभी होती आणि छत्रीखाली सुंदरअण्णा उकिडवे बसले होते. फार वाळले होते. त्यांनी पाने बाजूला न करता हात खाली घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग बाहेर काढून ओल्या बोटांकडे नीट पाहिले. दुसऱ्या हाताने वहीत लिहिले. मग सेल्वीच्या हातातल्या छत्रीचा दांडा धरून ती आकाशाकडे किंचित वर केली.

मी घड्याळ पाहिले. एक बावीस नुकतेच होऊन गेले होते. त्या दिवशी गुरुवार होता. बस बराच वेळ थांबली होती आणि माझी जागा दाराजवळची होती.